पोंतु मोर्तु

पणजीहून कोशाचे कागद आलेत. तीन रकाने:
शब्द, अर्थ, वापर.
यंत्रांची यादी माझ्या वाट्याला,
कारण बाबा सावर्ड्याच्या लाकूडगिरणीत होते.
एवढीच माझी पात्रता.

वॉल्व, ग्लँड, गव्हर्नर भरून झाले.
इथे पेन थांबलं.

अर्थ तसा सोपा.
दट्ट्या टोकाला पोचतो,
दांडा आणि भुजा एका रेषेत येतात
आणि त्या एका जागेवरून इंजिन आपणहून सुटत नाही.
पोर्तुगीज साहेब बोलला, इनासने ऐकलं,
बाबांनी इनासकडून घेतलं, तसा हा शब्द आला.
पुस्तकातली मराठी मृतबिंदू म्हणते.
पण मेलेलं काय असतं तिथे?
भट्टीत किंदळीच्या ढलप्या धडधडतायत,
काटा वर चढलाय,
वाफ दट्ट्याला छाती लावून रेटतेय
आणि तो सगळा जोर सरळ आसाच्या पोटात जातो,
दार बिजागरीपाशी ढकलावं तसा.

नवा पोरगा घाबरून झडप आणखी उघडायचा.
इनास कुलासो, फिटर, एक कान बहिरा,
खाली ओट्यावरून ओरडायचा:
"आनीक वाफ कित्याक रे? ताका हात जाय!"

मग आधी वाफ बंद.
पुरुषभर उंच चाकाच्या भोकात पहार,
पहारीच्या टोकाला बाबा, वय सतरा,
पाय जमिनीत रुतवून.
वीतभर. कधी वीतही नाही, चार बोटं.
पहार बाहेर. इनास ती स्वतःच्या खांद्यावर घ्यायचा,
सगळ्यांना दिसेल अशी,
कारण रुझारचा जबडा कुणी विसरलं नव्हतं.
त्यानंतर वाफ.
आणि करवत पहिल्या माट्टीच्या ओंडक्यात शिरायची.

वापर.
बाजारात सगळेच वापरायचे.
भाटकाराची सही अडली: पोंतु मोर्तु.
सांतानचा पासपोर्ट तयार, बोटीचं तिकीट ट्रंकेत,
आणि तो तीन पावसाळे वास्कोच्या धक्क्यावर
बांगडे मोजत बसलेला: पोंतु मोर्तु.
आई बाबांशी अकरा दिवस बोलली नव्हती तेव्हा
इनास दारात येऊन एवढंच म्हणाला, आणि चहा न घेता गेला.
(कुणी कुणाला वीतभर हलवलं, मला माहीत नाही.
बाराव्या दिवशी घरात सुंगटांचं हुमण होतं.)

मडगावच्या ड्रायव्हिंगवाल्यानेही मला हाच शब्द शिकवला,
गिअर कशातच नाही, तेव्हाचा.
ते वेगळं. तिथे जोर चाकापर्यंत पोचतच नाही.
दोन्ही अर्थ एका ओळीत छापू नका,
असं समासात लिहिलंय. बहुतेक छापतील.

एक गोष्ट रकान्यात बसत नाही.
संध्याकाळी गिरण सोडताना
इनास वाफ तोडून चाक थांबेपर्यंत उभा राहायचा,
आणि ते नेमकं रेषेत थांबलं तर
घरी जाणाऱ्या माणसांना परत बोलवायचा.
शिव्या देत यायचे सगळे. वीतभर.
सकाळच्यासाठी.

गिरण बंद पडली, इनास गेला,
पत्रे उडाले, बॉयलरमध्ये मुंगसं राहिली.
परवाच्या मेमध्ये भंगारवाले आले
गॅसची नळकांडी घेऊन.
बाबा काठी टेकत गेले. चाकाला फेरी मारली,
वाकून दांडा बघितला, भुजा बघितली,
आणि म्हणाले, जरा पहार द्या.

कापणारा पोरगा हसला. आजोबा, तुकडेच करायचेत ना?
द्या म्हटलं ना.

गंजाने धरलं होतं. दोन पोरं लागली, तिसरा मुकादम.
लोखंड कण्हलं, लाल भुगा पडला सगळ्यांच्या पायांवर,
आणि चाक हललं,
चार बोटं असेल.

बाबांनी पहार काढून घेतली,
खांद्यावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी.
मग म्हणाले, हं, कापा आता.